भरतीच्या वेळी पाऊस आला तर: नवी मुंबईतल्या सोसायटीने पावसाचं पाणी कसं सांभाळावं

आषाढातली द्वितीया होती, दुपारचा दीड वाजला होता. नेरूळमध्ये खाडीकडच्या अंगाला आमची सोसायटी आहे. पाऊस जोराचा होता, पण तसा पाऊस दर जुलैत दोन-चार वेळा पडतोच. तरी आवारात गुडघाभर पाणी साचलं आणि पंपरूममध्ये त्याहून जास्त. आदल्याच वर्षी एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून मोठा पंप घेतला होता. तो पंप मागच्या गेटपाशी रस्त्याच्या गटारात पाणी फेकत होता आणि तेच पाणी पुढच्या गेटच्या जाळीतून उसळून परत आवारात येत होतं. दोन तास आम्ही तेच ते पाणी गोल फिरवत राहिलो. साडेतीननंतर पाणी आपोआप उतरलं, कारण ओहोटी लागली होती.

पाणी लवकरात लवकर बाहेर काढायचं, एवढंच तोवर आमच्या डोक्यात होतं. पण भरतीच्या त्या दोन-तीन तासांत आपल्याकडे ‘बाहेर’ नावाची जागाच नसते. गटार भरलेलं, नाला भरलेला आणि खाडी वर चढलेली. म्हणून तेवढा वेळ पाणी आपल्याच आवारात, आपण ठरवलेल्या जागी धरून ठेवायचं आणि ओहोटीला हळूहळू सोडायचं, हा खरा उपाय. तो कसा करायचा हे पायरीपायरीने सांगतो. आमची सोसायटी यातून गेली आहे, काही कामं आम्हाला दोनदा करावी लागली, तीही सांगतो.

आधी शहराची रचना समजून घ्या

पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मध्ये जेमतेम काही किलोमीटरची पट्टी. डोंगरावरचं पाणी घरंगळत खाली यायला तासभरही लागत नाही. या पट्टीच्या खाडीकडच्या भागात पूर्वी खाजण आणि खारजमिनी होत्या. भाताची खाचरं वाचवायला आगरी-कोळी शेतकरी खाडीला बांध घालत आणि बांधात उघाडी ठेवत. उघाडी म्हणजे लाकडी झडप. भरतीच्या दाबाने ती बंद होते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते.

१९७० साली सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि याच जमिनीवर भराव घालून नोड, म्हणजे शहराचे नियोजित विभाग, उभे राहिले. भराव उधाणाच्या भरतीपेक्षा उंच नेण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी उघाडीचंच तत्त्व मोठ्या प्रमाणात वापरलं गेलं. नाले थेट खाडीत न सोडता धारण तलावांत सोडले आणि तलावाच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरतीला झडप मिटते, शहराचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. नेरूळचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हे मुळात असंच एक धारण तलाव आहे. तिथे सकाळी फेऱ्या मारणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मग आता पाणी का तुंबतं? एक तर तलावांत गाळ साचला. एक हेक्टरच्या तलावात एक मीटर गाळ म्हणजे एक कोटी लिटर पाण्याची जागा गेली. दुसरं, आपण सगळ्यांनी आवारं फरसबंद केली. मातीत मुरणारं, गवतात रेंगाळणारं पाणी आता पाच-दहा मिनिटांत गटारात येतं आणि सगळ्या सोसायट्यांचं एकाच वेळी येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा दिवस कुठल्याही सोसायटीच्या आवाक्याबाहेरचा. मी बोलतोय तो दरवर्षी येणाऱ्या, तासाला चाळीस-पन्नास मिलिमीटरच्या सरींबद्दल. त्या आपल्या आवाक्यात आहेत.

पहिली पायरी: तिथी पाहा, वही ठेवा

कोळीवाड्यात अजून चालणारा ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला अकरा-बाराच्या दरम्यान, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. खाडीत आतल्या बाजूला पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढी सवलत धरा. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाण, म्हणजे सगळ्यात उंच भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी उंचीची भरती. साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा पावसाळ्याआधी वर्तमानपत्रांत येतात. ते कात्रण थेट सूचनाफलकावर लावा.

गच्चीवर सरळ भिंतीचा एक स्टीलचा डबा उघड्यावर ठेवा आणि आत पट्टी उभी करा. झालं पर्जन्यमापक. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे समीकरण पाठ करून टाका; पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. वहीत चार गोष्टी लिहा: पाऊस किती, कोणत्या वेळात, भरती कधी होती, आवारात कुठे किती पाणी साचलं. एका पावसाळ्याची वही हातात असली की ठेकेदार काहीही गळ्यात मारू शकत नाही.

दुसरी पायरी: छत्री घेऊन आवारात फिरा

इमारतीचा नकाशा फाइलमध्ये असतो, पण पाण्याचा नकाशा पावसातच दिसतो. सर चालू असताना दोघांनी फिरावं, मोबाइलवर फोटो घ्यावेत आणि नकाशाच्या प्रतीवर बाण काढावेत. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठल्या जाळीपाशी घुटमळतं ते टिपायचं. मिस्त्रीकडे पाण्याची पारदर्शक नळी असते. तिने चार पातळ्या तपासून घ्या: रस्त्याचा मध्य, गेट, मीटररूमचा उंबरा आणि लिफ्टचा खड्डा. आमच्याकडे हे केलं तेव्हा रस्ताच आवारापेक्षा उंच झालेला निघाला. जुना थर न खरवडता दरवेळी वर नवं डांबर ओतलं की असंच होतं. तुमच्या रस्त्याचं काम निघालं तर जुना थर काढून मगच नवा टाका, अशी मागणी लेखी करा आणि कामाच्या दिवशी स्वतः उभे राहा.

गच्चीवरून येणारा प्रत्येक पाइप कुठे जातो हेही शोधा. बादलीभर पाण्यात खायचा रंग मिसळून वरून ओता आणि खाली चेंबरं उघडून पाहा. रंग पावसाळी गटारात दिसला तर ठीक. मलवाहिनीत दिसला तर ती जोडणी सगळ्यात आधी तोडायची. गच्चीचं पाणी मलवाहिनीत गेलं की पहिला फटका तळमजल्याच्या संडासांना बसतो. तिथे मैलापाणी उलटं वर येतं.

तिसरी पायरी: हिशोब मांडा

समजा भूखंड ४,००० चौरस मीटरचा आहे. त्यात छप्पर १,५००, फरसबंदी १,९०० आणि बाग ६००. तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला. छपरावरचं नव्वद टक्के पाणी वाहून येतं, म्हणजे ६७,५०० लिटर. फरसबंदीवरचं साधारण पंच्याऐंशी टक्के, म्हणजे सुमारे ८०,७५०. बागेतलं तीस टक्के धरलं तर ९,०००. एकूण झालं जवळपास १ लाख ५७ हजार लिटर. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर तासाभरात गेटवर रिकामे केल्यासारखं.

हीच जमीन मोकळी, गवताळ असती तर तीस टक्क्यांच्या हिशोबाने ६० हजार लिटर वाहिलं असतं. फरक सुमारे एक लाख लिटरचा. ही आपण बांधकाम करून शहराच्या गटारावर टाकलेली भर, आणि तेवढं पाणी भरतीच्या वेळेत थोपवून धरणं हे आपलं उद्दिष्ट. जुलैअखेरीस माती चिंब झाली की बागेतूनही दुपटीने पाणी वाहतं, तेव्हा हिशोबात थोडी ढील ठेवा.

तुमचे आकडे वेगळे येतील. पण सभेत ‘पाणी खूप साचतं’ म्हणण्यापेक्षा ‘एक लाख लिटरला जागा करायची आहे’ म्हटलं की चर्चा भलतीकडे जात नाही.

चौथी पायरी: जमीन काय म्हणते ते ऐका

राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण करावं लागतं. त्यामुळे अनेक आवारांत एक शोषखड्डा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, असतोच. तो चालतो का, हे फार कमी जण तपासतात.

डोंगराच्या पायथ्याकडच्या सेक्टरांत मुरूम आहे, तिथे शोषखड्डा छान काम करतो. खाडीकडच्या भरावात मात्र पावसाळ्यात भूजल दोन-चार फुटांवर येतं आणि ते खारं असतं. तिथला शोषखड्डा जूनच्या शेवटी तळापासूनच भरलेला असतो. वरून पाणी मुरणार कुठे?

चाचणी सोपी आहे. ऑगस्टमध्ये मीटरभर खोल खड्डा खणा. तळाशी आपोआप पाणी आलं तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. कोरडा राहिला तर पाण्याने भरा, माती भिजू द्या, पुन्हा भरा आणि तासात पाणी किती उतरतं ते मोजा. तासाला दीड-दोन सेंटिमीटरसुद्धा उतरत नसेल तर मुरवण्यावर भिस्त ठेवू नका. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी खड्डा खालून भरला. त्याआधीच आम्ही दोन शोषखड्ड्यांवर पैसे घालून बसलो होतो. ही चाचणी आधी केली असती तर ते पैसे वाचले असते.

पाचवी पायरी: पाण्याला बसायला जागा द्या

सगळ्यात स्वस्त जागा बाग आहे आणि नेमकी तीच आपण उंच करून ठेवतो. कठडा बांधायचा, आत लाल माती भरायची. मग बागेतलं पाणीही चिखलासकट फरशीवर येतं. हे उलटं करायचं. बाग फरशीपेक्षा खाली हवी आणि कठड्याला जागोजाग खाचा हव्यात, म्हणजे फरशीवरचं पाणी आत उतरेल.

सहाशेपैकी निम्मी, म्हणजे ३०० चौरस मीटर बाग पंधरा सेंटिमीटर खाली नेली तर ४५ हजार लिटर पाणी बसतं. वीतभरसुद्धा खोली नाही. निम्मीच का, तर मोठ्या झाडांच्या मुळांभोवती खणायचं नाही. तिथली माती जशी आहे तशी ठेवा. एका कडेला, ठरवलेल्या पातळीवर, जास्तीचं पाणी गटारात जायला वाट ठेवा. तळाशी छिद्रांचा पाइप खडीत पुरून पुढच्या चेंबरला जोडा, म्हणजे ओहोटीनंतर बाग रिकामी होईल. पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये, नाहीतर डास होतील. केळ, कर्दळ, अळू यांना पाय ओले राहिलेले चालतात. गुलाब आणि तुळशीची जागा उंचावर ठेवा.

गच्चीचे दोन-तीन पाइप गटारातून काढून या बागेत सोडा. पाइपाच्या तोंडाखाली दगड पसरा, नाहीतर पहिल्याच सरीत माती उकरली जाईल. गच्चीवरच पाणी तुंबवून ठेवण्याची कल्पना सभेत कुणीतरी मांडतंच. तिला ठाम नकार द्या. आपल्या स्लॅबांची गळती आधीच कमी नाही.

उरलेल्या ५५-६० हजार लिटरसाठी टाकी लागते. पार्किंगखाली दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि एक मीटर पाणी मावेल एवढी. तळाशी ७५ मिलिमीटरचं एकच तोंड ठेवलं तर भरलेली टाकी पावणेतीन तासांच्या आसपास रिकामी होते. हे तोंड मोठं करायचा मोह होईल, करू नका. टाकीचा सगळा उपयोग पाणी हळू सोडण्यातच आहे. त्यापुढे जाळी मात्र हवीच, एक चिप्सचं पाकीट ते तोंड बंद करू शकतं.

खाडीकडच्या भरावात टाकी बांधताना संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका. भूजल वर आलं की रिकामी टाकी होडीसारखी तरंगायला बघते; तिला पुरेसं वजन किंवा नांगर द्यावा लागतो. टाकीत उतरून साफसफाई करायची वेळ आली तर आधी झाकणं उघडून हवा खेळू द्या आणि एकट्या माणसाला कधीही खाली पाठवू नका.

फरसबंदी नव्याने करायची असेल तर पेव्हर ब्लॉक काँक्रीटवर बसवू नका. खाली खडी आणि रेती असली तरच सांध्यांतून पाणी झिरपतं.

सहावी पायरी: तोंडाशी आपली उघाडी

आवाराची पावसाळी वाहिनी रस्त्याच्या गटाराला मिळते त्या शेवटच्या चेंबरमध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप बसवा. बाहेरचं पाणी चढलं की ती मिटते. पण लक्षात घ्या, झडप मिटली की आपलंही पाणी अडतं. पाचवी पायरी केल्याशिवाय नुसती झडप बसवली तर आवार आपल्याच पाण्याने भरेल. आम्ही तेच केलं आणि एक पावसाळा फुकट घालवला.

तळघर असेल तर उताराच्या तोंडाशी पंधरा-वीस सेंटिमीटरचा उंचवटा करा आणि त्याच्या पुढे आडवं जाळीचं गटार ठेवा. तळघरातले पंप दोन हवेत, एक बंद पडला तर दुसरा चालावा, आणि दोन्ही जनरेटरवर असावेत. पंपाचं पाणी रस्त्याच्या गटारात नको, आपल्या टाकीत किंवा बागेत जाऊ द्या. मीटररूम आणि पंपरूमचे स्विच कमरेच्या वर घ्या.

आवाराची भिंत आणि जमीन उंच करण्याचा पर्यायही पुढे येईल. तो मला मान्य नाही. आमच्या शेजारी गावठाण आहे. भोवती भराव पडत गेला आणि ती घरं खोलगटात गेली. आपण दोन फूट वर चढलो की आपलं पाणी त्यांच्या ओट्यावर जातं. ज्यांच्या खारजमिनींवर हे शहर उभं राहिलं त्यांच्या घरात आपलं पाणी सोडणं हा अन्याय आहे, मग त्याला परवानगी असो वा नसो.

सातवी पायरी: एप्रिल-मेची सफाई

सगळी चेंबरं मेअखेरपर्यंत उघडून साफ करायची. काढलेला गाळ त्याच दिवशी उचलून न्या. काठावर वाळत घातलेला गाळ पहिल्या सरीत परत आत जातो, हे आपण दरवर्षी बघतो आणि दरवर्षी तेच करतो. बांधकामाची रेती, सिमेंटचं पाणी, गाड्या धुतल्याचं तेल पावसाळी गटारात जाऊ देऊ नका. ते गटार कुठल्याही प्रक्रिया केंद्रातून जात नाही, सरळ खाडीत उतरतं. तिथे फ्लेमिंगो येतात, २०२२ पासून ठाणे खाडी रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, पाणथळ स्थळ आहे, आणि दिवाळे गावचे कोळी अजून त्याच पाण्यात मासेमारी करतात.

आठवी पायरी: सभा आणि महापालिका

सर्वसाधारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि तेव्हा पावसाच्या आठवणी ताज्या असतात. वही, फोटो आणि एक लाख लिटरचा हिशोब तिथेच मांडा आणि ठराव करून घ्या. मे महिन्यात विषय काढलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर मिळेल. पैसे कमी असतील तर आधी चुकीच्या जोडण्या, मग बाग, मग झडप आणि शेवटी टाकी. खोदकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका.

महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि नेमकं विचारा: आमचं गटार कोणत्या धारण तलावाला मिळतं? त्या तलावाचा गाळ शेवटचा कधी काढला? झडपा पूर्ण मिटतात का? उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. तलावांत खारफुटी वाढली आहे म्हणून गाळ काढता येत नाही, असं सांगितलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर खारफुटी तोडायला, सार्वजनिक कामासाठीसुद्धा, न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण झडपेचं तोंड आणि तलावात येणारा नाला मोकळा ठेवणं हे दरवर्षीचं काम आहे. निदान त्यापासून सुरुवात करा, असा आग्रह धरा. शेजारच्या चार सोसायट्या आणि गावठाणातली मंडळी अर्जावर सही करतील तर उत्तम.

त्या दिवशी

उधाण आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तर भरतीच्या दोन तास आधी बागेची आणि टाकीची तोंडं तपासा, झडपेत अडकलेलं काही असेल तर काढा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. पाणी मीटररूमच्या उंबऱ्याला लागलं तर वायरमनला बोलावून वीज तोडा. ओल्या पायांनी स्विचला हात लावू नका. घरांतल्या मंडळींना ते दोन तास कपडे-भांडी धुणं पुढे ढकलायला सांगा.

आणि पाणी उतरावं म्हणून मॅनहोलचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत तुंबलेल्या रस्त्यावरून घरी चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. आमच्या सोसायटीत आता प्रत्येक झाकणाखाली मजबूत जाळी आहे आणि झाकणांच्या किल्ल्या सेक्रेटरीकडे असतात. यंदा बागेत पाणी पहिल्यांदा भरलं तेव्हा वॉचमनकाका घाबरून वर सांगायला आले. संध्याकाळी साडेपाचपर्यंत ते उतरलं होतं आणि कर्दळी उभ्या होत्या.